दोन बोटं वर चढलेली झुलपं

केस वाळले आणि झुलपं दोन बोटं वर चढली.

सकाळी न्हाऊन आल्याआल्या हेमांगीनं मोबाइलवरचा व्हिडिओ पाहत ती कापली, तेव्हा भुवयांना अगदी टेकत होती. आता अर्धं कपाळ उघडं, त्यात डावी बाजू उजवीपेक्षा आखूड. तरी आरशात पाहून ती खूश होती. पार्लरची पायरी न चढता, आपल्या हातानं कापली होती. लग्नानंतर घरातलं हे पहिलंच कार्य, नणंदेचा साखरपुडा; मुलाकडचे बोदवडहून येणार होते. आज सगळ्यांबरोबर फोटोत उभं राहायचं होतं.

आत्येसासूबाई तानुबाई धुळ्याहून कालच पिंप्राळ्यात येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांनी हेमांगीला पाहिलं आणि भावजयीला हाक मारली.

"कुंदा, बोदवडना पाव्हणा येतीन तवय वहूले मजार बसाड. फोटोम्हा नको. लोके हसतीन."

"मी आत बसणार नाही, आत्या," हेमांगी म्हणाली. "वाकडी असली तरी माझी मी कापलीत." तिची मान ताठ होती.

सासूबाई कुंदाबाई जवळ आल्या. त्यांनी सुनेचं कपाळ निरखून पाहिलं.

"केस वल्ला कापात का कोरडा?"

"ओलेच कापले, आई."

कुंदाबाईंनी आरशापुढची कात्री उचलली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"कात्री काढी लिन्ही, बरं करं," तानुबाई म्हणाल्या.

साडी नेसायला कुंदाबाईंना एरवी पाच मिनिटं पुरत. आज बराच वेळ लागला. बाहेर आल्या त्या थेट भुवयांपर्यंत पदर ओढून. नेहमी त्यांचा पदर भांगाच्या मागं कसाबसा अडकलेला असे. तानुबाईंनी लगेच अर्थ लावला आणि दोघीतिघींच्या कानात सांगितला, की सून अशी निघाल्यावर बिचारी तोंड कसं दाखवणार.

हेमांगीलाही ते ऐकू आलं आणि फार लागलं. सासूबाईंनी आत बस म्हटलं असतं तर ती भांडली असती. या पदराशी कसं भांडायचं ते तिला कळेना.

साखरपुडा पार पडला. फोटोवाल्यानं सगळ्यांना बोलावलं तशी ती हळूच दाराकडे सरकली. कुंदाबाईंनी मनगट धरून तिला मागं ओढलं आणि बोदवडच्या पाहुण्यांदेखत, मधोमध, आपल्या शेजारी उभं केलं.

"हाई मन्ही वहू."

"मावशी, पदर जरा मागं घ्या," फोटोवाला म्हणाला.

कुंदाबाईंनी पदर भांगाच्या मागं सारला. तानुबाईंचा पेढा हातातच राहिला. कुंदाबाईंच्या कपाळावर काळीपांढरी झुलपं, भुवयांना टेकून, एका रेषेत बसली होती.

कॅमेऱ्यावरची नजर न काढता त्या सुनेला म्हणाल्या, "मी कोरडा कापात."