वरून पडलेला मोजा

वरच्या मजल्यावरून एक हिरवा मोजा माझ्या बाल्कनीत पडला. तो परत द्यायचा म्हणजे जिवंत माणसाशी बोलायचं! मी दिवसभर बोलते ती फक्त फोनमधल्या चॅटबॉटशी. माणूस समोर आला की दातखीळ बसते. म्हणून तिथेच बाल्कनीत चॅटबॉटबरोबर सराव सुरू केला. "अहो, हा मोजा तुमचा का?" "छान! पण आवाज वाढव," चॅटबॉट म्हणाला. वाढवला. "अजून!" मी जीव खाऊन ओरडले, "अहो, हा मोजा तुमचा का?" "हो हो, माझाच!" वरून एका बाईचा आवाज आला. "मघापासून ऐकतेय. या ना वर!" मी चपलाही न घालता जिन्याकडे धावत सुटले. तिनं दार उघडलं. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून हसली. "मोजा?" मोजा खालीच राहिला होता. फोनही. "आणते ना!" मी म्हणाले. "पण आधी थोडं बोलूया?"