आग्नेस आजींच्या पायावरचा काटा

डॉक्टर मार्सेल गोतिए यांनी विद्यार्थिनी असताना स्वतःच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढून गोठवून ठेवली होती. म्हातारी कातडी पुन्हा तरुण करायची, या एकाच ध्यासात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आता त्याच कातडीपासून वाढवलेला तुकडा विनिपेगच्या इस्पितळात आग्नेस आजींच्या पायावरच्या जखमेवर बसवला होता. तो टिकला तरच आजींचा पाय वाचणार होता, आणि मार्सेलबाईंचं संशोधनही.

तुकडा झकास रुजला. फक्त त्यावर अधूनमधून काटा यायचा.

"शक्यच नाही!" मार्सेल म्हणाल्या. "त्यात केसांची मुळंच नाहीत, आजी. काटा येईल कुठून?"

"ते त्याला सांग, पोरी," आजी खिदळल्या. "तू दाराशी आलीस की येतो. दार उघडायच्या आधीच! कुत्र्याला कसा मालकाचा वास लागतो ना, तसं. तू आत येऊन बसलीस की जातो."

मार्सेलनाही हसू आलं. त्यांनी पट्टी सोडली. कातडी गुलाबी, गुळगुळीत होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बघा, काही नाही. उद्या संशोधन समितीला दाखवू आणि..."

त्यांच्या बोटाखाली काहीतरी खरखरलं. तुकड्यावर बारीक बारीक काटा उभा राहत होता.

आजींनी सवयीनं दाराकडे मान वळवली. "ये गं, पोरी," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर सावकाश शेजारी बसलेल्या मार्सेलकडे आली.

दाराची मूठ फिरली.