चौदा साखळ्यांचे बूट

टोक काही सापडेना.

सून पलंगाच्या कडेला बसून लोकरीचा बूट उलटासुलटा करत होती. पिवळा, तळहातावर मावेल एवढा. क्रोशाचं विणकाम उसवायला फारशी अक्कल लागत नाही. शेवटचं टोक हाताला लागलं की एकदा ओढायचं, सगळं भराभर सुटत जातं. पण हे काम सासूबाईंच्या हातचं होतं. त्या शेवटचं टोक तळव्याच्या आत सात वेळा फिरवून असं मुरवायच्या की ब्रह्मदेवालाही सापडू नये. त्यांच्या सपाता, बाळांचे बूट आणि सणाच्या टोप्या दुकानात हातोहात खपायच्या, त्या काही उगाच नाही.

हा तिसरा जोड. आठव्या महिन्यात सून दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली, त्याला आज वर्ष झालं. मुलगी होती. त्यानंतर तीन महिन्यांनी सुनेच्या कपाटात, कपड्यांच्या घडीत, बुटांचा पहिला जोड निघाला. तळव्याला क्रोशाच्या टाक्यांच्या दहा साखळ्या. तीन महिन्यांच्या बाळाचं माप तेवढंच असतं, हे ती पोटुशी असताना सासूबाईंनीच तिला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी दुसरा जोड निघाला, बारा साखळ्यांचा. आज सकाळी हा, चौदा साखळ्यांचा.

"आईला विसर पडायला लागलाय," नवरा पहिल्याच वेळी म्हणाला होता. "वय झालंय तिचं. मनावर घेऊ नकोस." तो एकुलता एक. आईपुढे आवाज चढवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने दोन्ही वेळा तो जोड गुपचूप दुकानात जायच्या पिशवीत, टोप्यांच्या खाली सारून दिला होता.

मुलीबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही. कुणीच बोललं नाही. वर्षभर घरात गळक्या नळावर बोलणं झालं, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर झालं, आणि सून आतल्या आत जळत राहिली. सासूबाईंनी तर त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. कोपऱ्यात बसून कुणाच्या तरी टोप्यांना गोंडे लावत होत्या. ते सून विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती.

उसवत नाही तर कापते, म्हणत ती उठली. सासूबाई टोप्या पोचवायला बाहेर गेल्या होत्या. त्यांचं सामान त्यांच्या पलंगाखाली असायचं. कात्रीसाठी तिने खाली हात घातला आणि हाताला एक जुनी, भली मोठी सूटकेस लागली. तिने ती ओढून उघडली.

आत खचाखच लोकर. जोडीजोडीने गाठ मारून, ओळीने लावलेली. एका टोकाला अंगठ्याएवढे बूट, पुढे त्याहून जरा मोठे, मग पोराच्या पायाच्या सपाता, मग वाढत वाढत थेट बाप्याच्या मापाच्या. शेवटची करडी जोडी अगदी कोरी होती. नवऱ्याच्या असतील, असं तिला वाटलं. पण त्याला तर लोकर टोचते, आणि त्याचा पाय एवढासा. एवढं मोठं पाऊल ह्या घरात कुणाचंच नव्हतं.

दुसऱ्या कोपऱ्यात, मऊ फडक्यावर, दोनच जोड होते. पिवळे. नवऱ्याने पिशवीत सारलेले. सासूबाईंनी ते परत काढून घेतले होते.

"कात्री वरच्या फळीवर आहे," दारातून आवाज आला.

सासूबाई रिकामी पिशवी हातात धरून उभ्या होत्या.

"मुलगी गेली आपली, आई!" सून ओरडली. वर्षभर तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आहे का लक्षात? ती नाहीये! तिचे पाय वाढणार नाहीयेत! कुणासाठी विणताय हे?"

"माहीत आहे गं." सासूबाई तिच्या शेजारी जमिनीवर टेकल्या. गुडघे कटकन वाजले. "आज वर्षाची झाली असती. धरून धरून चालायला लागली असती. म्हणून ह्या वेळी तळवा दुहेरी घातलाय. घसरायला नको."

सुनेला हुंदका आवरेना. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या मुलीचं वय मोजलं होतं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मग त्या दिवशी रडला का नाहीत?"

"हात थांबले असते तर मी परत उठले नसते, पोरी. आणि बोलायचं म्हटलं तर मला येत नाही. मला तरी कुणी कुठे बोलू दिलं होतं?"

सुनेला ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही. तिने डोळे पुसले. हातातला बूट तिने फडक्यावर, त्या दोन जोडांच्या शेजारी ठेवला. मग दुसऱ्या ओळीकडे बोट केलं.

"आणि ह्या एवढ्या मोठ्या? ह्या कुणाच्या?"

सासूबाईंनी एक करडी सपात उचलली. तळव्यावरून अंगठा फिरवून ती सारखी केली.

"विशीनंतर पाय काही वाढत नाही," त्या म्हणाल्या. "पण सपाता झिजतात ना. वर्षाला एक जोड लागतोच."

त्यांनी ती पुन्हा ओळीच्या शेवटी, जागच्या जागी ठेवली.

"तुझ्या मुलीच्या काकाच्या आहेत. तोही आठव्यातच गेला. तुझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. परवाच बेचाळिसाचा झाला."