हौसाक्कांचा डावा डोळा

हौसाक्कांच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजवीच्या दुप्पट मोठी झाली होती आणि टॉर्च मारला तरी आकसत नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला तर असं होतं, हे डॉक्टर नाझनीनला पाठ होतं. सांगलीला न्यायला अँब्युलन्स दारात उभी होती आणि आक्कांचा मुलगा भिंतीला टेकून रडत होता.

आक्का मात्र त्यालाच दटावत होत्या, "गप की रं! डोस्कं दुखंना, चक्कर न्हाई. नुसतं धुरकट दिसतंय."

नाझनीन थबकली. मेंदूत रक्त साचलेलं माणूस इतकं खणखणीत बोलेल?

"आक्का, सकाळपासून काय काय केलंत?"

"म्हादेवाला धोतऱ्याची फुलं तोडली. मग डोळा खाजला, चोळला."

नाझनीनचा जीव भांड्यात पडला. धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली अशीच मोठी होते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. डोळा धुऊन तिने अँब्युलन्स परत पाठवली, तसा मुलगा रडता रडता हसायला लागला.

आक्कांचा चेहरा तेवढा पडला. "म्हंजे सांगलीला न्हाई जायाचं? तितल्या लेकीला फोन करून वांग्याचं भरीत करायला लावलंय की मी!"