स्वच्छ ताटली

नऊ नंबरच्या खाटेवरची ताटली आजही चाटूनपुसून परत आली. तिने ती काट्यावर ठेवली, रिकाम्या ताटलीचं वजन वजा केलं आणि तक्त्यात लिहिलं: उरलेलं अन्न, शून्य.

आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मुलांच्या वॉर्डात दोन महिने काढावे लागत. तिच्याकडे ताटल्यांचं काम होतं. जाताना तोलायच्या, येताना तोलायच्या. मधला फरक पोटात गेला असं धरायचं. सोमवारी आणि गुरुवारी मुलांची वजनं. यावरच तिचा प्रोजेक्ट आणि प्रोजेक्टवर पदवी. बाळंतपणात एक वर्ष बुडालं होतं. आता दीड वर्षाच्या मुलाला सासूबाईंकडे सोडून ती रोज यायची. "पोर झालं, आता कसलं कॉलेज?" म्हणणाऱ्यांची तोंडं तिला बंद करायची होती.

नऊ नंबरला चिमणी होती. अडीच वर्षांची, अगदी काडी पैलवान. सोमवारी भरती झाली तेव्हा काट्यावर पायच ठेवेना. बाप रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, आणि त्याने आणलेला लोखंडी खेळण्यातला रोलर हिच्या हातून सुटेना. कुणी हात लावला की वॉर्ड डोक्यावर घ्यायची.

तिने हिसकाहिसकी केली नाही. "चल, तू आणि तुझा रोलर, दोघंही या बरं!" म्हणाली. चिमणी ऐटीत चढली. नऊ किलो सहाशे. डोळ्यात टिपूस नाही.

"आई आहेस ना, म्हणून जमतं तुला," सिस्टर म्हणाल्या. ती दिवसभर हवेत होती.

मंगळवारी तोच रोलर सिस्टरच्या पायावर पडला. "बाप रस्ते दाबतो, लेक माझी बोटं दाबते!" म्हणत त्यांनी तो कपाटात टाकून कुलूप लावलं.

गुरुवारी चिमणी रडत रडत, रिकाम्या हातांनी काट्यावर उभी राहिली. नऊ दोनशे.

तीन दिवसांत चारशे ग्रॅम गेले. जुलाब नाहीत, ताप नाही. आणि ताटल्या आरशासारख्या.

प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमनी तक्ता दोनदा पाहिला. "मग अन्न जातं कुठे? विचार तिच्या आईला. वॉर्ड तुझा आहे."

बाजूला नेऊन विचारावं, हे तिला सुचलं नाही. की सुचलं, पण मॅडम बघत होत्या?

"ताई, खरं सांगा. चिमणीच्या ताटलीतलं तुम्ही खाता?"

चिमणीची आई चमचा पुसत होती. हात थांबला. "उरतं ना कधी कधी. एखाद-दोन घास. टाकवत नाही."

"दोन घासांनी चारशे ग्रॅम जात नाहीत हो."

"अगं बाई!" दहा नंबरची आजी म्हणाली. "लेकराच्या तोंडचं?"

आईने मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

घरी मुलाच्या वाटीतलं उरलेलं ती स्वतः ओट्याशी उभ्याउभ्या खायची. सासूबाई तिला 'उरल्यासुरल्याची धनीण' म्हणायच्या. तेवढं एक वाक्य तिथे बोलली असती, तरी त्या बाईची मान वर आली असती. पण ती बोलली नाही. वहीत डोकं घालून तारीख लिहीत बसली.

त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी आईने बाहेरच्या बाकावर बसायचं ठरलं. ताटल्या तोलणारी ती आता चिमणीला स्वतः भरवू लागली. चिमणी तोंड फिरवायची, दाराकडे बघायची. ताटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या परत येऊ लागल्या.

"आता ताटल्या खरं बोलायला लागल्या," मॅडम म्हणाल्या.

दाराच्या काचेतून आई दिसायची. इकडे चमचा उचलला की तिकडे बाकावर ती स्वतःच 'आ' करायची. भरवताना ते दिसू नये म्हणून शनिवारी तिने आपली खुर्चीच फिरवून घेतली.

सोमवार उजाडला. आज पोरीला रडवायचं नाही, एवढं तिने घरून ठरवून आणलं होतं. मनाला टोचत होतं, त्याला काहीतरी लावायचं म्हणून म्हणा. सिस्टरच्या मागे लागून तिने कपाट उघडायला लावलं आणि रोलर चिमणीच्या हातात दिला. चार दिवसांत पहिल्यांदा पोर हसली आणि धावत जाऊन काट्यावर उभी राहिली.

"नऊ किलो सहाशे!" ती मोठ्याने म्हणाली.

मॅडम टेबलाशी रजिस्टर उघडून बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी लाल पेनने आकडा लिहिला. "बघ! आईला बाहेर बसवलं आणि गेलेलं सगळं भरून आलं. प्रोजेक्टचं पहिलं पान हेच कर. बोलव तिला आत, तिलाही कळू दे."

चिमणीची आई आली. कुणाकडे न बघता काट्याजवळ उभी राहिली.

"चुकलं माझं, ताई. मला वाटायचं, दोनच घास आहेत. जास्त जात असतील, भुकेत कळलं नसेल. आता जेवणाच्या वेळी मी आत येतच नाही. तुम्हीच भरवत जा."

"असू दे हो," ती म्हणाली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. "होतं असं. आता वजन आलंय ना परत."

आईला पाहून चिमणी काट्यावरच नाचायला लागली. मग दोन्ही हातांनी रोलर वर उचलून तिने आईपुढे धरला.

"आई, तू घे."

आईने रोलर घेतला. काट्यावरचा आकडा खाली घसरला आणि बरोबर नऊ किलोवर येऊन थांबला.