आकसलेली टोकं

“मॅडम, ही डिश टाकून देऊ ना?” शाल्मलीनं विचारलं. प्रयोगशाळेचा हा नियम मॅडमनीच घालून दिला होता: तंतूंची टोकं आकसली की डिश बाद.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या तंतूंची टोकं बोटं पसरून वाट चाचपडत निघाली होती. एक प्रथिन कमी पडलं आणि अर्ध्या वाटेवरच त्यांच्या मुठी मिटल्या.

सकाळी सोनोग्राफीत डॉक्टरांनी मॅडमच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या दोन भागांमधली रिकामी जागा दाखवली होती. जोडणारे तंतू पलीकडे पोचलेच नव्हते. “तू तर हेच शिकवतेस. असं का झालं?” नवरा म्हणाला होता. “बाळ ठेवायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत ठरवा,” डॉक्टर म्हणाले होते.

“मॅडम, टाकू?”

त्यांचा हात पोटावर गेला. “शुक्रवारपर्यंत राहू दे.”