थंडीत उतरणारा सूर

आमच्या झाडीपट्टी नाटकात नायिकेचा बाप मेला, तरी डिजिटल कीबोर्ड मोबाईलच्या रिंगटोनसारखा वाजायचा. माझं डोकं फिरायचं. त्याच्या जोडीला जिवंत आवाजाचं काहीतरी घ्या म्हणून मंडळाचे मालक गोपालभाऊ यांच्याशी दिवाळीपासून भांडलो. शेवटी नागपूरच्या दुकानात दिवसभर कान लावून, गोल बटणं पिळून आवाज घडवायचा एक जुना ॲनालॉग सिंथेसायझर निवडून आणला.

मूल गावात उघड्या मांडवात सकाळी तालीम लागली. पौषातल्या थंडीनं सिंथेसायझरचा सूर हळूहळू उतरला आणि गोपालभाऊ भडकले.

"काय भंगार उचलून आणलं बे अनस! तो डिजिटल पाह्य, कितीबी थंडी पडो, हालत नाई. थंडीत ज्याचा सूर उतरते, त्याले माह्या मंडळात जागा नाई. आजच्या आज वापस कर!"

मी दात खात वायरी उपटायला लागलो. इतकी वर्षं आमच्या प्रत्येक नाटकात नायिका म्हणून गायलेल्या आशाबाई शालीत कान गुंडाळून बसल्या होत्या. त्या उठल्या, आपली मेकअपची पेटी आणली आणि सिंथेसायझरच्या खोक्याशेजारी आदळली.

"माहा आवाज त याच्याबी आधी उतरते, गोपाल. मलेबी याच्यासंगंच वापस धाडून दे!"